अल्माचे अरण्य निर्मनुष्य नव्हते

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फंडीच्या उपसागरावरील प्रवासलेख वाचला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक प्रांताविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते. त्यामुळे टोरांटो आणि नायगारा यांच्या पलीकडचा कॅनडा वाचकांपुढे आणल्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानले पाहिजेत. मात्र त्या लेखात फंडी राष्ट्रीय उद्यानाचे ‘मानवाचा स्पर्श न झालेले आदिम अरण्य’ असे जे वर्णन आले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त मॉन्क्टन शहरात राहते. तिच्याकडील मुक्कामात हा परिसर मी पाहिला आहे आणि आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे त्याचा पूर्वेतिहासही थोडाफार वाचून काढला आहे. त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. संपादकीय कात्री चालवावी लागली तर निदान राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेविषयीचा भाग राहू द्यावा, अशी विनंती.

ज्या भूभागाविषयी लेख आहे, तो प्रामुख्याने अल्मा पॅरिशमध्ये येतो. न्यू ब्रन्सविक प्रांत १५ काउंट्यांमध्ये विभागलेला आहे आणि प्रत्येक काउंटीचे पुढे पॅरिश पाडलेले आहेत. या पॅरिशचा चर्चच्या कारभाराशी आज काही संबंध नाही. आपल्याकडच्या महसुली मंडळासारखे ते जमिनीच्या नोंदींचे आणि जनगणनेचे एकक आहे. १७८४ मध्ये हा प्रांत नोव्हा स्कोशियापासून वेगळा झाला आणि अमेरिकन राज्यक्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो निर्वासित येथे वसवण्यात आले. त्यांच्या वसाहतींची घडी बसवण्यासाठी १७८६ मध्ये पहिले पॅरिश कायद्याने निर्माण झाले. अल्मा त्यांच्यापैकी नाही. ते बरेच नंतरचे. १८४५ मध्ये वेस्टमोरलँड काउंटीचा नैऋत्येकडचा भाग तोडून अल्बर्ट काउंटी बनवण्यात आली आणि तिला राणी व्हिक्टोरियाच्या पतीचे नाव देण्यात आले. पुढे दहाएक वर्षांतच तिच्या पश्चिम टोकाचे अल्मा पॅरिश वेगळे झाले. २० सप्टेंबर १८५४ रोजी क्रायमियातील अल्मा नदीकाठी ब्रिटिश, फ्रेंच आणि तुर्की फौजांनी रशियाचा पराभव केला होता. त्या विजयाचा उत्साह ओसरण्यापूर्वीच हे नामकरण उरकले गेले. काळ्या समुद्राजवळची एक लढाई अटलांटिकच्या काठावरील लाकूडतोड्यांच्या वस्तीला नाव देऊन गेली. ब्रिटिश साम्राज्याच्या नकाशावर असे प्रकार इतके आहेत की त्यांचे नवल वाटेनासे होते.

एक छोटी दुरुस्ती येथेच नोंदवतो. लेखासोबत छापलेले छायाचित्र, ज्यात माथ्यावर झाडे वाढलेले लाल खडकांचे सुळके दिसतात, ते राष्ट्रीय उद्यानातले नाही. ते होपवेल केपचे आहे. ती जागा अल्मा गावापासून रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर पूर्वेला, दुसऱ्या पॅरिशमध्ये आहे. पर्यटक दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात पाहतात, म्हणून ही गल्लत होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अल्मा पॅरिश आज विरळ वस्तीचे आहे, हे खरे. समुद्रकाठचे अल्मा गाव सोडले तर उरलेल्या भागात जवळजवळ कोणीच राहत नाही, आणि गावाची लोकसंख्या २०१६ च्या जनगणनेत अवघी २१३ होती. परंतु हा विरळपणा निसर्गाने दिलेला नाही. त्याचा काही भाग भूगोलाने ठरवला, काही भाग लाकडाच्या धंद्याने, आणि राहिलेले काम १९४८ मध्ये सरकारने कागदावर सही करून पूर्ण केले. या तिन्ही गोष्टी कशा घडल्या, हे सांगितल्याशिवाय त्या अरण्याचे वर्णन अपुरे राहते.

पॅरिशचा बहुतेक भाग कॅलेडोनिया नावाच्या डोंगराळ पठारावर आहे. पठाराची उंची ३०० मीटरच्या पुढे जाते. सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची किरकोळ, पण पठार समुद्राच्या अगदी कडेला तुटते आणि त्यावरून वाहणाऱ्या नद्या, मुख्यतः अपर सॅमन आणि पॉइंट वुल्फ, अरुंद व खोल घळींतून थेट उपसागरात उतरतात. पठाराचे खडक साठ कोटी वर्षांहून जुने, कठीण आणि बव्हंशी ज्वालामुखीजन्य आहेत. त्यांच्यावरचा मातीचा थर पातळ, आम्लधर्मी आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांनी भरलेला आहे. उन्हाळ्यात उपसागराचे पाणी थंडच राहते. त्यावरून येणारे धुके किनाऱ्यावर दिवसचे दिवस बसून असते. जुलैमध्ये आत सपाटीवर शर्टात फिरावे आणि किनाऱ्यावर येताच स्वेटर घालावा लागावा, हा तिथला रोजचा अनुभव आहे. या गारव्यामुळेच किनाऱ्यालगत रेड स्प्रूसची दाट झाडी आहे, तर वर पठारावर शुगर मेपल, यलो बर्च आणि बीच यांचे मिश्र वन लागते. जंगलाला हे हवामान मानवते. शेतकऱ्याला मानवत नाही. बटाटे, बकव्हीट आणि जनावरांसाठी गवत एवढेच पीक हाती लागे, तेही वर्षातले मोजके महिने.

भरतीविषयी आपल्या लेखात पुष्कळ आले आहे, पण तिचे कारण सांगताना केवळ ‘उपसागर निमुळता आहे’ एवढ्यावर काम भागवले आहे. निमुळतेपणा आणि उथळ होत जाणारा तळ ही कारणे आहेतच. परंतु मुख्य कारण अनुनादाचे आहे. फंडीचा उपसागर आणि त्याच्या तोंडाशी असलेले मेनचे आखात यांतील पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावून परत येण्यास सुमारे १३ तास लागतात आणि चंद्रामुळे येणाऱ्या दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिल्यास झोका जसा वाढत जातो, तसेच येथे अटलांटिकची प्रत्येक भरती उपसागराच्या हेलकाव्याला बळ देते. उपसागराच्या पार आतल्या टोकाला, नोव्हा स्कोशियाच्या मायनस खोऱ्यात, भरती-ओहोटीतील फरक १६ मीटरपर्यंत जातो. अल्मा तितके आत नाही, तरी तेथेही तो १२ मीटरच्या आसपास जाऊ शकतो. मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. अल्माच्या धक्क्याला बांधलेल्या शेवंडाच्या बोटी ओहोटीला चिखलातल्या लाकडी चौकटींवर टेकतात आणि सहा तासांनी पुन्हा तरंगू लागतात. या गावाचे सगळे अर्थकारण पहिल्यापासून या वेळापत्रकाला बांधलेले आहे.

या किनाऱ्यावर पहिली माणसे मिगमॉ समाजाची. हा त्यांचा मुलूख आहे आणि अठराव्या शतकात ब्रिटिश सत्तेशी त्यांनी जे तह केले, ते शांततेचे व मैत्रीचे होते. त्यांत जमीन देऊन टाकल्याचे कलम नाही. ही गोष्ट आज कॅनडाची न्यायालयेही विचारात घेतात. म्हणजे ‘स्पर्श न झालेले’ हा शब्द अगदी पहिल्या पायरीवरच टिकत नाही. मिगमॉंच्या नंतर फ्रेंच अकेडियन आले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी पूर्वेकडच्या शेपडी खाडीकाठी वस्ती केली आणि भरतीच्या पाण्याला मातीचे बांध घालून खारजमिनीची सुपीक शेते बनवली. कोकणातल्या खारलँडशी परिचय असलेल्यांना हे तंत्र चटकन समजेल. बांधात बसवलेल्या लाकडी झडपेतून ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाई आणि भरती आली की तिच्याच दाबाने झडप मिटे. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी अकेडियनांना हद्दपार करण्यास सुरुवात केली आणि शेपडीतील गावे जाळली. अल्माचा किनारा मात्र कड्यांचा. तेथे बांध घालण्याजोगी विस्तीर्ण खारजमीन नव्हती. म्हणून अकेडियनांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि इंग्रजी वसाहतवालेही आधी शेपडीच्या आयत्या बांधलेल्या शेतांवर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जेव्हा चांगली जमीन संपत आली, तेव्हाच लोक या कडेकपारीकडे वळले.

त्यांना येथे आणले ते शेतीने नव्हे, लाकडाने. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत ब्रिटनला बाल्टिक समुद्राकडून येणारे लाकूड दुर्मीळ झाले आणि न्यू ब्रन्सविकची जंगले एकाएकी मोलाची ठरली. युद्धे संपली तरी मागणी राहिली, कारण लिव्हरपूल आणि बोस्टन यांसारखी शहरे वाढत होती. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे सॉ मिल उभारायची. हिवाळाभर पठारावर झाडे तोडून बर्फावरून घोड्यांकरवी ओंडके नदीकाठी आणायचे. बर्फ वितळले की बांधात साठवलेले पाणी सोडून ते मिलपर्यंत वाहवत न्यायचे. आणि कापलेल्या फळ्या भरतीच्या वेळी सपाट बुडाच्या गलबतांतून खोल पाण्यात थांबलेल्या शिडाच्या जहाजांवर चढवायच्या, असा हा धंदा होता. अपर सॅमनच्या मुखाशी आज जेथे अल्मा गाव आहे, तेथे आणि पॉइंट वुल्फला अशा मिल होत्या. पॉइंट वुल्फला कामगारांची राहती घरे होती, दुकान होते, शाळा होती. या वस्त्यांच्या मागे, वरच्या उतारांवर, थोडीशी जमीन साफ करून शेती करणारी कुटुंबे होती. ती हिवाळ्यात लाकूडतोडीवर जात आणि उन्हाळ्यात बटाटे लावत. या मिश्र जगण्याला दारिद्र्य म्हणावे की काटकसर, यावर मतभेद होऊ शकतो. पण ते जगणे होते आणि त्यात पिढ्या गेल्या.

या धंद्याने जंगलाचे काय केले, हेही सांगितले पाहिजे, म्हणजे स्थानिकांची बाजू मांडताना मी त्यांना देवत्व देतो आहे असे वाटणार नाही. मोठी झाडे आधी गेली, मग मध्यम गेली. नद्यांवरच्या बांधांनी सॅमन माशांची वाट अडवली. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यासाठी परत येणारा हा मासा बांधाशी थबकला, आणि मिलमधला भुसा नदीतच टाकला जात असल्याने खालचे पाणीही बिघडले. ज्या नदीचे नावच सॅमन, तिथला मासा लाकडाच्या व्यापाराला बळी पडला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडी जहाजांचा काळ सरला. पॉइंट वुल्फची मिल १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तरुण माणसे बोस्टनकडे, सेंट जॉनकडे, पश्चिमेच्या गव्हाच्या प्रदेशाकडे निघून गेली. १९३० च्या मंदीत जी राहिली, ती अधिकच हलाखीत राहिली. पण गेली नव्हती.

याच काळातली, याच गावातली एक व्यक्ती आपल्या लेखकांच्या नजरेतून सुटली, याचे मला आश्चर्य वाटते. मॉली कूल १९१६ मध्ये अल्मा गावात जन्मली. तिचे वडील डच खलाशी; ‘जीन के’ नावाचे सपाट बुडाचे मालवाहू गलबत ते फंडीच्या उपसागरात चालवत. मॉली त्या गलबतावर वाढली आणि तिने कॅप्टनचा परवाना काढायचे ठरवले. त्या वेळच्या कॅनडाच्या नौवहन कायद्यात कॅप्टनचा उल्लेख केवळ पुल्लिंगी होता. १९३९ मध्ये तिने परीक्षा उत्तीर्ण करून परवाना मिळवला आणि उत्तर अमेरिकेतली पहिली परवानाधारक स्त्री कॅप्टन ठरली. जगातल्या सर्वांत तीव्र भरती-ओहोटीत, धुक्यात, इलेक्ट्रॉनिक उपकरणांशिवाय गलबत बंदरात लावणे हे काय काम आहे, ते कोकणातल्या जुन्या तांडेलांनाच नीट उमगेल. २००९ मध्ये तिचे निधन झाले. अलीकडे कॅनडाच्या तटरक्षक दलाने आपल्या एका बर्फफोडी जहाजाला तिचे नाव दिले आहे. जिथे ‘मानवाचा स्पर्श’ झाला नाही असे छापून आले, तिथली ही मुलगी.

आता राष्ट्रीय उद्यान. न्यू ब्रन्सविकला आपलेही एक राष्ट्रीय उद्यान हवे होते. शेजारच्या नोव्हा स्कोशियाला १९३६ मध्ये आणि प्रिन्स एडवर्ड बेटाला १९३७ मध्ये ते मिळाले होते आणि मोटारीने येणारा अमेरिकन पर्यटक ही नवी कमाई दिसू लागली होती. अनेक जागांची पाहणी होऊन अल्बर्ट काउंटीचा हा किनारा निवडला गेला. मध्ये महायुद्ध आले. आणि अखेर एप्रिल १९४८ मध्ये फंडी राष्ट्रीय उद्यान कायदेशीररीत्या अस्तित्वात आले. १९५० च्या उन्हाळ्यात त्याचे रीतसर उद्घाटन झाले. क्षेत्रफळ सुमारे २०७ चौरस किलोमीटर, म्हणजे अल्मा पॅरिशचा फार मोठा भाग. कॅनडाच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार प्रांताने जमीन ताब्यात घेऊन, ती मोकळी करून केंद्राकडे सोपवायची असे. त्याप्रमाणे प्रांतिक सरकारने शेती, घरे, लाकडाच्या कंपन्यांच्या जमिनी असे सारे सक्तीने संपादित केले. कुटुंबांना हलावे लागले. मोबदला मिळाला, पण तो कसा ठरवला गेला आणि पुरेसा होता का, याविषयीची नाराजी पुढे दीर्घकाळ राहिली. मोबदल्याचा हिशेब घर व जमीन यांचा झाला. लाकूडतोडीचा हक्क, शिकार, बेरी गोळा करणे, समुद्रावरची वाट, ज्यांवर त्या कुटुंबांचा खरा निर्वाह होता, त्यांची किंमत कोणी केली असेल असे वाटत नाही.

पुढे काय झाले, ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. माणसे हलवून जागा निसर्गाला परत दिली गेली, असे वाचकाला वाटेल. प्रत्यक्षात उद्यानाच्या प्रवेशापाशी नऊ होलचे गोल्फ मैदान आखण्यात आले, समुद्राचे पाणी तापवून भरलेला पोहण्याचा तलाव बांधण्यात आला, पर्यटकांसाठी बंगल्या उभारल्या गेल्या. जुनी घरे आणि कोठारे मात्र हटवण्यात आली, कारण ती निसर्गाच्या चित्रात बसत नव्हती. शेतकऱ्याचे बटाट्याचे शेत अनैसर्गिक ठरले आणि गोल्फचे हिरवळलेले मैदान नैसर्गिक. यात कोणाच्या तरी दुष्टपणापेक्षा त्या काळच्या आवडीनिवडीचा भाग अधिक असावा, हे मान्य करूनही हा भेदभाव नजरेआड करता येत नाही. सोडलेल्या शेतांत वर्षागणिक झाडे उगवली, आणि तीस-चाळीस वर्षांनी आलेल्या पाहुण्याला ते सारे अनादि अरण्य वाटू लागले.

त्या वेळी अल्मात मोठे आंदोलन झाले नाही. विखुरलेली इंग्रजीभाषक कुटुंबे, महायुद्धानंतरचा नोकरीच्या आशेचा काळ, आणि उद्यानामुळे काम मिळेल हे आश्वासन (काहींना ते मिळालेही) यांमुळे विरोध संघटित झाला नसावा, असे माझे अनुमान आहे. पण याच प्रांतात वीस वर्षांनी तीच पद्धत पुन्हा वापरण्यात आली तेव्हा परिणाम वेगळा झाला. १९६९ मध्ये प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर कुशिबुग्वॅक राष्ट्रीय उद्यानासाठी दोनशेहून अधिक कुटुंबांना, सुमारे १,२०० लोकांना, घराबाहेर काढण्यात आले. ते बहुतांश अकेडियन होते. ज्यांच्या पूर्वजांना १७५५ मध्ये हद्दपार करण्यात आले होते, त्यांच्याच वंशजांवर पुन्हा हा प्रसंग आला. जॅकी व्होतूर यांनी जागा सोडण्यास नकार दिला, त्यांचे घर पाडण्यात आले, ते परत येऊन राहिले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपला हक्क सोडला नाही. क्वेबेकमध्ये १९७० च्या फोरियों उद्यानासाठी सव्वादोनशेच्या आसपास कुटुंबे हलवली गेली. त्यांची क्वेबेकच्या विधिमंडळाने आणि कॅनडाच्या संसदेने २०११ मध्ये औपचारिक क्षमा मागितली. या संघर्षांचा परिणाम म्हणून कॅनडाने धोरण बदलले आणि २००० च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यानुसार नवे उद्यान करण्यासाठी किंवा जुने वाढवण्यासाठी सक्तीने जमीन घेण्यास आता मनाई आहे. अल्माच्या कुटुंबांना या बदलाचा काही उपयोग झाला नाही. तरीही फंडीचा उल्लेख करताना कुशिबुग्वॅकचा उल्लेख टाळणे म्हणजे कथेचा पूर्वार्धच गाळणे किंवा उत्तरार्ध, कोठून वाचता त्यावर ते अवलंबून आहे. चांदोलीची किंवा मेळघाटची गावे ज्यांनी उठताना पाहिली आहेत, अशा आपल्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

उद्यानाच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते सांगितले नाही तर माझे पत्र एकांगी ठरेल. लाकडाच्या कंपन्यांच्या हाती राहिले असते तर हे जंगल आज सलग उरले असते का, याची मला शंका आहे. उद्यानाच्या हद्दीबाहेरचे सरसकट तोडलेले पट्टे पाहिले की ही शंका बळावते. १९८० च्या दशकात तेथे बहिरी ससाण्यांची पिल्ले सोडण्याचा प्रयोग झाला आणि उपसागराच्या कड्यांवर हा पक्षी पुन्हा घरटी करू लागला. त्याच दशकात पॉइंट वुल्फ नदीवरचा जुना बांध काढण्यात आला. सॅमनची गोष्ट मात्र सोपी नाही. फंडीच्या आतल्या भागातील नद्यांत एके काळी सुमारे ४०,००० प्रौढ सॅमन परत येत; १९९० च्या दशकाच्या शेवटी ही संख्या २५० च्याही खाली गेली. त्यामागे समुद्रातले कोणते कारण आहे, याचा शोध अजून चालू आहे, केवळ बांध काढून भागलेले नाही. सध्या नदीतून समुद्राकडे निघालेली लहान पिल्ले पकडून ग्रँड मनान बेटाजवळ समुद्रातील पिंजऱ्यांत वाढवली जातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर अंडी घालण्यासाठी पुन्हा त्यांच्याच नदीत सोडली जातात. या कामात उद्यान प्रशासनाबरोबर फोर्ट फॉली येथील मिगमॉ समाज बरोबरीने सहभागी आहे. ज्यांचा उल्लेख पन्नास वर्षे उद्यानाच्या कोणत्याही माहितीपत्रकात अभावानेच असे, ते आता नदी कशी सांभाळायची हे ठरवण्यात आहेत. अल्माच्या अलीकडच्या इतिहासात मला सर्वांत आशादायक वाटलेली गोष्ट हीच.

पॅरिशच्या कारभाराविषयी थोडक्यात. १९६० च्या दशकात प्रीमियर लुई रोबिशो यांच्या प्रांतिक सरकारने काउंटी परिषदा बरखास्त केल्या (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेथे प्रीमियर म्हणतात). गरीब काउंट्यांतील शाळा व दवाखाने श्रीमंत काउंट्यांच्या तोडीचे व्हावेत, हा त्यांचा हेतू होता आणि तो मोठ्या प्रमाणात सफल झाला. परंतु गावांच्या बाहेरच्या ग्रामीण भागाला त्यानंतर निवडून दिलेले स्वतःचे स्थानिक मंडळ उरले नाही. त्यांच्या सेवा थेट प्रांताकडून चालू लागल्या. ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. जानेवारी २०२३ मध्ये प्रांताने ३४० स्थानिक घटकांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या नव्वदच्या आत आणली. त्यात १९६६ पासून स्वतंत्र ग्रामपालिका असलेले अल्मा गाव हिल्सबरो आणि रिव्हरसाइड-अल्बर्ट यांच्याबरोबर ‘फंडी अल्बर्ट’ या नव्या ग्रामपालिकेत विलीन झाले. दोनशे-अडीचशे लोकवस्तीच्या गावाला उन्हाळ्यात येणाऱ्या लाखो पर्यटकांसाठी पाणी, सांडपाणी व पार्किंग यांची सोय करावी लागते; तो भार एकट्याने पेलण्यापेक्षा एकत्र पेलणे बरे, असा युक्तिवाद होता. निर्णयाचे केंद्र आता गावाबाहेर गेले, ही तक्रारही रास्त आहे.

लेखात शेवटी वाचकांना दिलेल्या सूचनांत काही भर घालावीशी वाटते. अल्माला जाणाऱ्यांनी मॅथ्यूज हेडची पायवाट जरूर चालावी. ती समुद्राच्या कड्यावर नेते, पण वाटेत उघडीप दिसते तिथे एके काळी शेते होती; स्प्रूसची एकाच वयाची, दाटीवाटीने उभी झाडे ही सोडलेल्या शेताची खूण असते. डिक्सन धबधब्याच्या नावात तिथे राहून गेलेल्या कुटुंबाचे आडनाव आहे. पॉइंट वुल्फला लाल रंगाचा छप्परबंद लाकडी पूल आहे. मूळ पूल १९१० चा. १९९० मध्ये जवळच्या खडकात सुरुंग लावताना तो उद्ध्वस्त झाला आणि दोन वर्षांत तशाच बांधणीचा नवा उभारला गेला, म्हणून छायाचित्राखाली ‘शंभर वर्षांचा पूल’ असे लिहू नये. पुलाला छप्पर असते ते शोभेसाठी नव्हे; खालची लाकडी चौकट पाऊस आणि बर्फापासून वाचली तर कैक दशके जास्त टिकते. ओहोटीला पुलाच्या खालच्या अंगाला उतरले की मिलचे अवशेष दिसतात. तेथे जाण्याआधी भरतीचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे, कारण पाणी परतताना काही ठिकाणी कड्याखालची वाट पंधरा-वीस मिनिटांत बंद होते. शेवंड खायचे असल्यास हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मार्च ते जुलै असा असतो. लेखात सांगितलेल्या ऑगस्टमध्ये धक्क्यावर ताजे पकडलेले मिळणार नाही, साठवणीतले मिळेल.

वरीलपैकी छायाचित्राची आणि ‘मानवाचा स्पर्श न झालेले’ या वर्णनाची दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा